मिरचीच्या पाण्याने रक्ताची गाठ विरते काय?



मे महिना लागला की चौलच्या वाड्यावाड्यांतून मिरचीचा ठसका उठतो. अंगणात जुन्या लुगड्यांवर मिरच्या उन्हात पसरलेल्या असतात. बेडगी रंगासाठी, लवंगी तिखटासाठी. शेजारी सुपांतून धणे, हळकुंडे, मिरी, दालचिनी. चुलीवर मसाला भाजला जातो, कांडपाच्या गिरणीवर रांग लागते आणि पावसाळ्यापूर्वी वर्षाची बरणी भरली की घरची बाई निःश्वास टाकते. मासळी असो की नुसता सुकट-जवळा, या मसाल्याखेरीज आमच्याकडे घास उतरत नाही.

अशाच दिवसांत आम्ही चौलच्या बौद्धवाडीत आमच्या मामांकडे गेलो होतो. मामांचे वय अडुसष्ट. सारा जन्म गवंडीकामात गेला. सात महिन्यांपूर्वी छातीत कळ आली तेव्हा मुंबईच्या एका इस्पितळात त्यांच्या हृदयाच्या धमनीत जाळी, म्हणजे स्टेंट, बसविली. तेव्हापासून रक्त गोठू नये म्हणून त्यांना रोज दोन प्रकारच्या गोळ्या लागतात. सकाळी चहा घेताना पाहतो तो मामांसमोर पेलाभर लालभडक कोमट पाणी.

“मामा, हे काय घेताय?” आम्ही विचारले.

“मिरचीची पूड आहे. रक्तातल्या गाठी विरघळतात. मोबाईलवर आलंय. पाच हजार वर्षांपूर्वीचा इलाज आहे म्हणे.”

“आणि गोळ्या?”

मामा गप्प राहिले. मामींनी फडताळातून गोळ्यांची पाकिटे काढून आमच्यासमोर ठेवली. त्यांतल्या गोळ्या अठरा दिवसांपासून जागच्या जागी होत्या.

वाचकहो, हा प्रसंग केवळ आमच्या मामांच्या घरचा नाही. मिरचीचे पाणी पाजले की हृदयविकाराचा झटका मिनिटभरात थांबतो, असा मजकूर गावोगाव फिरत आहे. तो वाचून हसणे सोपे आहे. परंतु मामांसारखा कष्टकरी माणूस गोळी सोडून मिरचीकडे का वळतो आणि मिरचीत खरोखर काही गुण आहे काय, या दोन्ही प्रश्नांचा शांतपणे विचार केला पाहिजे. म्हणून आजचे हे सदर मिरचीवर.

प्रथम त्या पाच हजार वर्षांचे पाहू. मिरची मूळची आपली नव्हेच. ती अमेरिका खंडातली, मेक्सिको आणि त्याच्या दक्षिणेकडील प्रदेशांतली. कोलंबस १४९२ साली तिकडे पोहोचला, त्यानंतर ती युरोपच्या लोकांना ठाऊक झाली, आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आली. त्याच पोर्तुगीजांनी चौलजवळ रेवदंड्याला तटबंदीचे शहर वसविले. १७४० साली ते मराठ्यांकडे आले. खाडीपलीकडच्या कोर्लईत पोर्तुगीजमिश्रित बोली आजही ऐकू येते. ‘मिरची’ हे नावसुद्धा आपल्या जुन्या मिरीवरून पडलेले. चरक आणि सुश्रुत यांच्या ग्रंथांत लाल मिरची नाही, कारण ती येथे नव्हतीच. तेव्हा पाच हजार वर्षांपूर्वी कोणा ऋषीने हा इलाज सांगितला, ही गोष्ट पहिल्याच पायरीवर कोसळते.

आपले चौल त्याहून कितीतरी जुने. ते प्राचीन काळी चेमूल या नावाने प्रसिद्ध बंदर होते. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत चेमूलच्या उपासकांनी दिलेल्या दानांचे उल्लेख आहेत. त्या उपासकांच्या जेवणात तिखटपणा होता तो मिरीचा, पिंपळीचा आणि आल्याचा.

परंतु एखादी वस्तू जुनी नाही म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही. म्हणून आता दुसरा प्रश्न. मिरचीत रक्ताच्या गाठीवर चालणारे काही आहे काय?

त्यासाठी आधी रक्त गोठते कसे हे समजून घ्यावे लागेल. बोट कापले की रक्तातील प्लेटलेट्स नावाच्या चपट्या कणिका जखमेवर धावतात आणि एकमेकींना चिकटतात. मग रक्तातूनच फायब्रिनचे धागे तयार होतात आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे त्या कणिकांना बांधून टाकतात. रक्त थांबते. जखम भरत आली की शरीरातलेच प्लाझ्मिन नावाचे द्रव्य ते धागे कातरून टाकते. म्हणजे गाठ बांधणारा आणि गाठ सोडणारा, असे दोन्ही कामगार आपल्या रक्तात सदैव हजर असतात. हीच गाठ नको त्या जागी बसली की घात होतो. हृदयाच्या धमनीत बसली तर झटका, मेंदूच्या धमनीत बसली तर पक्षाघात, आणि पायाच्या खोल शिरेत बसली तर पाय सुजतो. तेथून ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. धमनीतली जाळी ही शरीराला परकी वस्तू. तिच्यावर कणिका चिकटू नयेत म्हणूनच मामांना दोन गोळ्या दिलेल्या.

आता मिरची. तिचा तिखटपणा कॅप्सेसिन नावाच्या द्रव्यात असतो. जीभ भाजते असे आपण म्हणतो, पण खरे म्हणजे ती भाजत नसते. उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना हे द्रव्य फसविते. ज्या ग्राहकाच्या द्वारे ही फसवणूक होते तो डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली शोधला, आणि २०२१ साली ज्युलियस यांना आर्डेम पाटापुटियन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. मिरचीवर नोबेल मिळते, एवढी ती गंभीरपणे अभ्यासण्याजोगी वस्तू आहे.

रक्ताच्या गाठीबाबतचा मुख्य अभ्यास थायलंडचा. तेथील लोक आपल्याइतकेच तिखटाचे भोक्ते. बँकॉकच्या डॉक्टरांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात थाई लोकांच्या रक्ताची तुलना तेथेच राहणाऱ्या अमेरिकन लोकांच्या रक्ताशी केली. रोज मिरची खाणाऱ्या थाई लोकांच्या रक्तात गाठ सोडण्याची शक्ती अधिक आढळली. मिरची खाल्ल्याबरोबर ही शक्ती वाढते, पण अर्ध्या तासाच्या आसपास ती पुन्हा मूळ पातळीवर येते, असेही त्याच डॉक्टरांच्या प्रयोगांत दिसले. काचेच्या नळीतील प्रयोगांत कॅप्सेसिनमुळे प्लेटलेट्स एकमेकींना कमी चिकटतात, हेही दिसून आले.

मोठ्या लोकसंख्येचे अभ्यासही आहेत. २०१५ साली चीनमधील ४,८७,३७५ लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. आठवड्यातून सहा-सात दिवस तिखट खाणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण क्वचित खाणाऱ्यांपेक्षा १४ टक्के कमी होते. २०१९ साली इटलीतील २२,८११ लोकांच्या पाहणीत, आठवड्यातून चारपेक्षा अधिक वेळा मिरची खाणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू ३४ टक्के कमी आढळले.

“मग मी काय वेगळं सांगत होतो?” हे ऐकून मामा म्हणाले.

येथेच थांबून नीट पाहिले पाहिजे. चीन-इटलीच्या अभ्यासांत कोणाला मिरची देऊन पाहिलेली नाही. लोक आपापले जेवत होते, त्यांची नोंद ठेवली एवढेच. मिरची खाणारा माणूस आणखी काय खातो, किती चालतो, किती कष्ट करतो, या साऱ्याचा वाटा त्यात मिसळलेला असतो. ३४ टक्क्यांचे श्रेय एकट्या मिरचीला देता येत नाही. बँकॉकच्या प्रयोगात मोजली ती निरोगी माणसाच्या रक्तातील शक्ती, तीही अर्ध्या तासापुरती. हृदयाच्या धमनीत बसलेली गाठ मिरचीने विरघळली, असे त्यात कोणी दाखविलेले नाही.

याच्या शेजारी खऱ्या औषधाची परीक्षा ठेवून पाहा. १९३३ साली विल्यम टिलेट या अमेरिकन डॉक्टरांना असे आढळले की, घसा बिघडविणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंच्या द्रवाने रक्ताची गाठ विरघळते. त्यातून स्ट्रेप्टोकायनेज हे औषध निघाले. पण आढळले म्हणून कोणी ते लगेच घरोघर पाजले नाही. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षेत हृदयविकाराचा झटका आलेले १७,१८७ रुग्ण होते. काहींना स्ट्रेप्टोकायनेज, काहींना साधी अ‍ॅस्पिरिन, काहींना दोन्ही, तर काहींना दोन्हींऐवजी दिसायला तशीच पण औषध नसलेली मात्रा दिली. पाच आठवड्यांत, औषध न मिळालेल्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणाने दर शंभरी सुमारे १३ जण दगावले. दोन्ही औषधे मिळालेल्यांत हा आकडा ८ होता. शंभरातले पाच जीव वाचले, तेही मोजून दाखविता आले. पुढे स्ट्रेप्टोकायनेज आपल्या देशात बनविण्याचे तंत्र चंदीगडच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेत डॉ. गिरीश साहनी यांच्या नेतृत्वाखाली विकसित झाले. मिरचीची अशी परीक्षा झालेली नाही. जिची परीक्षा झालेली नाही तिच्या भरवशावर, जिची झाली आहे ती गोळी सोडणे, यात शहाणपण कोणते?

कोणी म्हणेल, औषधे शेवटी झाडपाल्यातूनच येतात ना? येतात की! पण ती येतात कशी, ते वॉरफरिनच्या गोष्टीवरून कळेल. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत गुरे अंतर्गत रक्तस्राव होऊन मरू लागली. बुरसलेला ‘स्वीट क्लोव्हर’ नावाचा चारा खाल्ल्याने हे घडत होते. विस्कॉन्सिनच्या कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने वर्षानुवर्षे खपून त्यातले रक्त गोठू न देणारे द्रव्य वेगळे काढले. त्यावरून तयार झालेले वॉरफरिन १९४८ साली बाजारात आले ते उंदीर मारण्यासाठी. १९५४ पासून तेच माणसांचे औषध झाले. आजही ते घेणाऱ्यांचे रक्त ठरावीक काळाने तपासून मात्रा कमी-जास्त केली जाते. मात्रा कमी पडली तर गाठ, जास्त झाली तर रक्तस्राव. उंदराला मारणारे द्रव्य माणसाला तारते ते केवळ मापामुळे. पेलाभर पाण्यात चमचाभर मिरची घातली, तर तिच्यात कॅप्सेसिन किती? बेडगीत एक, लवंगीत दुसरे, जुन्या बरणीत तिसरेच. ज्याचे माप नाही त्याला औषध कसे म्हणावे?

आणि माप सुटलेली मिरची निरुपद्रवी नसते. तुर्कस्तानातील पंचवीस वर्षांच्या एका तरुणाने वजन घटविण्यासाठी मिरचीच्या गोळ्या घेतल्या आणि त्याच्या हृदयाच्या धमन्या आकुंचन पावून त्याला झटका आला, अशी नोंद डॉक्टरांनी २०१२ साली प्रसिद्ध केली. असे क्वचित घडते. पण ज्याचे हृदय एकदा दुखावले आहे त्याने हा प्रयोग स्वतःवर का करावा?

मिरचीचे एक औषध मात्र खरोखर सिद्ध झाले आहे, ते वेदनेवरचे. नागीण होऊन गेल्यावर महिनोन्‌महिने छळणाऱ्या आगीसारख्या वेदनेवर कॅप्सेसिनची मापात बनविलेली पट्टी डॉक्टर त्वचेवर लावतात. ती घरच्या पुडीची नव्हे, हे सांगायला नकोच.

मामांचा शेवटचा मुद्दा आमच्या काळजाला लागला. ते म्हणाले, “आपले आजे-पणजे मिरची-भाकरीवर जगले. त्यांना कुठं आला हार्टअ‍ॅटॅक?”

वाचकहो, आपल्या वाडवडिलांनी मिरची-भाकर खाल्ली, ती औषध म्हणून नव्हे. डाळीला पैसे नव्हते, भाजी मिळत नव्हती, म्हणून चिमूटभर मीठ-मिरचीच्या आधाराने ते कोरडी भाकर घशाखाली ढकलत होते. स्वातंत्र्याच्या सुमारास या देशातील माणसाचे सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. ज्यांना पटकी, क्षय आणि बाळंतपणच म्हातारे होऊ देत नव्हते, त्यांना म्हातारपणीचा हृदयविकार दिसणार कोठून? आणि जो शेतात छाती धरून कोसळला त्याला कोणी डॉक्टरने तपासले होते? ‘अचानक गेला’ एवढीच त्याची नोंद. आपल्या दारिद्र्यातील नाइलाजाला आज कोणी प्राचीन ज्ञान म्हणून आपल्यालाच विकत असेल, तर आपण सावध राहिले पाहिजे.

तिखट पदार्थांचा औषध म्हणून विचार आपल्या परंपरेत नाही असे नाही. विनयपिटकातील महावग्गात आजारी भिक्खूंसाठी औषधे सांगितली आहेत. त्यांत मिरी आहे, पिंपळी आहे, आले व हळदही आहे. त्याच महावग्गात कोणत्या रुग्णाची शुश्रूषा करणे कठीण जाते तेही भगवंतांनी सांगितले आहे. जो अपायकारक ते करतो, हितकर वस्तूचीही मात्रा जाणत नाही, औषध घेत नाही, आजार खरा आहे तसा शुश्रूषा करणाऱ्याला सांगत नाही आणि वेदना सोसत नाही, तो असा रुग्ण. मात्रा जाणणे आणि खरे सांगणे, या दोन गोष्टी आम्ही मामांसमोर ठेवल्या.

मग मामांनी खरे कारण सांगितले. गोळ्यांनी पोटात जळजळ होत होती. महिन्याच्या औषधाचा खर्च मुलावर पडतो याचा संकोच वाटत होता. आणि अलिबागला डॉक्टरांकडे जायचे म्हणजे एक दिवस मोडतो. मिरची घरातली आणि फुकटची. मोबाईलने त्यांना फसविले हे खरे, पण त्यांना तिकडे ढकलले ते या तीन अडचणींनी, आणि त्यांतली एकही आम्ही घरच्यांनी कधी विचारली नव्हती. दोष एकट्या मामांना कसा द्यावा?

दुसरे दिवशी आम्ही त्यांना अलिबागला घेऊन गेलो. मामांनी डॉक्टरांना सारे सांगितले, मिरचीच्या पाण्यासकट. डॉक्टर रागावले नाहीत. हृदयाचा आलेख काढला, पोटासाठी वेगळी गोळी दिली आणि त्याच औषधांचे स्वस्त प्रकार लिहून दिले. “अठरा दिवस जाळी उघडी राहिली, हे तुमचं नशीब नव्हे, योगायोग. पुन्हा परीक्षा पाहू नका,” एवढेच ते म्हणाले. आता मामी रोज रात्री पाकिटातली रिकामी झालेली खोबण पाहूनच दिवा मालवतात.

घरोघरी ध्यानात ठेवावे असे थोडे येथे देतो.

१. जेवणात सोसेल तेवढी मिरची खुशाल खावी. जळजळ, आम्लपित्त किंवा मूळव्याध असेल तर हात आखडता घ्यावा. लोणचे, पापड, सुकी मासळी यांतून मिरचीबरोबर मीठही पोटात जाते आणि रक्तदाब वाढवते, हे विसरू नये.

२. रक्त गोठू न देणारी गोळी डॉक्टरांना विचारल्यावाचून एक दिवसही बंद करू नये. मिरची, लसूण वा अन्य कशाची कॅप्सूल अथवा काढा घेत असाल तर तसे सांगावे.

३. छातीच्या मधोमध दाब, डाव्या हातात वा जबड्यात कळ, दरदरून घाम, अशी लक्षणे दिसताच १०८ क्रमांकावर फोन करावा. मिरचीचे पाणी पाजीत बसू नये. त्या वेळी प्रत्येक मिनिटाला हृदयाचा थोडा भाग मरत असतो. अ‍ॅस्पिरिन द्यावी की नाही हे फोनवरील डॉक्टरांनाच विचारावे.

४. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे हा पक्षाघात असू शकतो. गाठ विरघळविणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. पक्षाघात रक्तस्रावानेही होतो, म्हणून मेंदूचे छायाचित्र काढण्यापूर्वी अ‍ॅस्पिरिनही देऊ नये.

५. एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला तर तेल-मिरची लावून चोळू नये. तसेच डॉक्टरांकडे न्यावे.

६. खर्चाची अडचण लपवू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयविकाराच्या अनेक उपचारांचा समावेश आहे आणि जनौषधी दुकानांत पुष्कळ गोळ्या स्वस्त मिळतात. चौकशी करण्यात कमीपणा नाही.

निघताना मामींनी नेहमीप्रमाणे मसाल्याची बरणी आमच्या पिशवीत ठेवली. मामा ओटीवरून म्हणाले, “कालवणात घाला हां, पाण्यात नको.” आम्हीही तेच म्हणतो. मसाल्याची बरणी मांडणीवर असू द्या, गोळ्यांची पाकिटे फडताळात असू द्या, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवड्यातून एकदा तरी विचारा की, औषध घेतले का, आणि घेतले नसेल तर का नाही?

जयभीम!